धीरकाळ

न कळणं ही गोष्ट माणसांच्या जगण्यातून जवळजवळ हद्दपार झाली होती. कुणी ठरवून केलं नव्हतं ते. आधी सुलभक शाळेच्या पाट्यांमध्ये आला, मग बँकांच्या पडद्यांवर, मग औषधांच्या खोक्यांवर आणि शेवटी ज्याच्या त्याच्या नाकावरच्या चष्म्यात. चष्म्याच्या काडीत बसणारा हा चिमुकला यंत्रभाग माणसाच्या डोळ्यांच्या बाहुल्यांवर नजर ठेवून असे. वाचताना बाहुली जरा विस्फारली, कपाळाला बारीकशी आठी पडली, की त्याला समजायचं, इथे गाडी अडली. लगेच समोरचा मजकूर सोपा होऊन यायचा. भाडेकरार असो, शस्त्रक्रियेचं संमतिपत्र असो की भूमितीचं प्रमेय, ज्याला जेवढं झेपेल तेवढंच त्याच्यापुढे. 'डोक्यावरून गेलं' म्हणजे काय, असं पंचविशीच्या आतल्या कुणाला विचारलं असतं तर त्याने ते चष्म्यालाच विचारलं असतं.

अशा जगात तनुजा पोहरे एक खेळ चालवत होती, आणि तो कुणाला कळत नव्हता.

खेळाचं नाव सप्तबंदर. समुद्र कुठल्याही बाजूने जवळ नाही अशा नागपुरात बसून तनुजाने तरुणपणी तो रचला होता. सात बंदरं, त्यांच्यामधला व्यापार, मोसमी वारे आणि हजारो खेळाडू. यात यंत्राने चालवलेलं पात्र एकही नव्हतं. गलबत हाकणारा तांडेल माणूस, जकातदार माणूस, दुभाष्या माणूस, समुद्री लुटारू चाचासुद्धा माणूसच. कुठेतरी भिलाईत, कुठेतरी कुडाळात बसलेला. नव्याने आलेल्याला कुठल्यातरी गलबतावर खलाशी म्हणून चढावं लागे. पहिले काही आठवडे त्याला काहीच उमगत नसे. दोर ओढ म्हटलं की ओढायचा. मिरी भरलेलं गलबत बंदरात न शिरता बाहेरच का थांबलं, तांडेल जकातदाराला हसून का बोलला, आपल्या वाट्याचं पाणी दुसऱ्याला का दिलं, हे हळूहळू, चुका करत, शिव्या खात कळायचं. आणि एकदा कळलं की माणूस तिथून हलत नसे. जुने खेळाडू पंधरा-पंधरा वर्षं टिकून होते. त्यांच्यात लग्नं झाली होती, वैरंही झाली होती.

पण नवीन कुणी येत नव्हतं. तनुजाने सगळं करून पाहिलं. समुद्र अधिक निळा केला. शिकवणीचे धडे घातले. येणाऱ्याला फुकट गलबत दिलं. कचेरीतल्या काचेच्या खोलीत नव्या मुलांना बसवून ती बाहेरून पाहत राही. मुलं उत्साहाने गलबतावर चढत. कुणीतरी खलाशी काहीतरी बोले, कुणीतरी हसे, मुलांना त्यातलं काही कळत नसे, आणि काही श्वासांतच ती चष्मा काढून ठेवत. कंटाळलो म्हणत नसत. छातीत कसंतरी होतं, म्हणत.

तिची स्वतःची मुलगी ईरा हेच म्हणाली होती. ईरा अठराची होती. तिचे वडील सुधन्वा सहा वर्षांपूर्वी वेगळे होऊन विशाखापट्टणला राहायला गेले होते. तेव्हापासून मायलेकी दोघीच घरात होत्या. एकमेकींशी नीट वागत, एकमेकींचा चहा करत, आणि बोलत फारसं नसत. आईने आयुष्य ज्या समुद्रात घालवलं तो एकदा पाहावा म्हणून ईरा तीन वेळा सप्तबंदरात गेली आणि तिन्ही वेळा घाम पुसत बाहेर आली.

"तिथली माणसं काय बोलतात ते समजत नाही आई," ती म्हणाली होती. "आणि चष्मा काहीच सांगत नाही."

कंपनीत तनुजाचे भागीदार होते जयकृष्ण बाजोरिया. सरळ माणूस. त्यांनी तिला बसवून सांगितलं की जुन्या खेळाडूंच्या जिवावर हे फार काळ चालायचं नाही. "लोकांना हा खेळ का नको आहे, एवढं मला कुणीतरी सांगा. मग बंद करायचा की सुधारायचा ते ठरवू."

म्हणून तनुजा डॉ. पद्माकर मानमोडे यांच्याकडे गेली. मेंदूविज्ञानात हयात घालवून ते निवृत्त झाले होते आणि अंबाझरीच्या बाजूला एकटेच राहत. चष्मा वापरत नसत. त्यांनी तिला चहा दिला, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मग एकाएकी म्हणाले, "माझे आजोबा एकदा पवनीच्या जंगलातून येत होते. वाटेत वाघ आडवा बसलेला. आजोबांनी काय केलं, डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं..."

एवढं बोलून ते बिस्किट चहात बुडवून खाऊ लागले. तनुजा थांबली. ते दुसरं बिस्किट खाऊ लागले.

"मग?" तिने विचारलं.

"हे जे आत्ता तुमच्या पोटात होऊन राहिलं ना, मी त्याला चुकचुक म्हणतो," डॉक्टर म्हणाले. "वाघबिघ काही नव्हता. मी बनवलं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. मेंदू सतत पुढचा अंदाज बांधत असतो. पायरी कुठे असेल, समोरचा काय बोलेल. अंदाज बरोबर आला तर त्याला काहीच जाणवत नाही. चुकला की बारीक टोचणी लागते. पुढे उलगडा झाला की त्याच टोचणीचा आनंद होतो, आणि जेवढी टोचणी लांबलेली तेवढा आनंद मोठा. टोचणी लागल्यापासून उलगडा होईपर्यंत माणूस जेवढा तग धरू शकतो, तो त्याचा धीरकाळ.

"धीरकाळ जन्मतः ठरलेला नसतो. वापरला की वाढतो, नाही वापरला की आटतो. तुमचे जुने खेळाडू महिनोन्‌महिने काही न कळता दोर ओढत राहिले. आजच्या पोरांचा धीरकाळ चार-पाच श्वासांचा आहे. मी मोजून पाहिला आहे."

"म्हणजे मुलं मठ्ठ आहेत?"

"छे. माझ्यापेक्षा हुशार आहेत. पण कळत नाही अशा जागी बसून राहायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नाही. ती आली की त्यांचं शरीर तिला संकट समजतं. छाती धडधडते, हात थंड पडतात."

"पण अवघड खेळ तर खूप चालतात, डॉक्टर. किल्ल्यांचे, कोड्यांचे. आमच्याहून अवघड."

"ते नियमांचे खेळ. नियम कितीही वाकडा असला तरी तो सुलभकाला ठाऊक असतो, त्याच्या पायऱ्या करून तो पोरांना वर चढवतो. तुमच्या खेळात अडचण नियमांची नाहीच. तुमच्या खेळात अडचण दुसऱ्या माणसाची आहे. पलीकडचा तांडेल का हसला, हे त्याचं त्यालाही धड माहीत नसतं. त्याच्या पायऱ्या कोण करणार? तनुजाताई, तुमच्या खेळात काही कमी नाही. त्यात माणसं आहेत, एवढंच त्याचं दुखणं आहे."

तनुजाने हे जसंच्या तसं बाजोरियांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग सुलभक माणसांवरच का बसवू नये?"

तीन आठवडे तनुजा या प्रश्नाभोवती फिरत राहिली. करता येण्यासारखं होतं. एक खेळाडू बोलला की त्याचं बोलणं दुसऱ्याच्या कानावर जाण्याआधी मध्ये एक पडदा लावायचा. ऐकणाऱ्याची बाहुली, त्याचा श्वास, त्याच्या मनातला अंदाज यांवरून पडदा ते बोलणं त्याला झेपेल असं करून पुढे सोडेल. आवाज तोच, लकब तीच. ती पुन्हा डॉक्टरांकडे गेली.

"झेपेल असं म्हणजे कसं?" त्यांनी विचारलं.

"बोलण्यातला जो भाग ऐकणाऱ्याच्या अंदाजाला जवळचा असेल, तो ठेवायचा. बाकीचा गाळायचा."

"आणि जवळचं काहीच नसलं तर?"

"मग त्यातल्या त्यात जवळ जाईल असं काहीतरी."

डॉक्टरांनी चहाचा कप बाजूला ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे प्रत्येकाला स्वतःचाच अंदाज दुसऱ्याच्या आवाजात ऐकू येईल. नका करू बाई. खेळ बंद पडला तर पडू द्या."

तनुजाने तेही मनाला लावून घेतलं. पण खेळ बंद पडला तर त्यातली हजारो माणसं एकमेकांना कायमची मुकणार होती, हेही खरं होतं. आणि घरी ईरा होती. एखाद्या संध्याकाळी आपली मुलगी आपल्या गलबतावर चढेल, ही इच्छा तिने बाजोरियांना बोलून दाखवली नाही. पडद्याच्या कामाला मंजुरी देताना मात्र तिच्या मनात दुसरं काही नव्हतं.

पडदा लागला आणि वर्षभरात सप्तबंदर माणसांनी भरून वाहू लागलं. शाळकरी मुलं, आजोबा, दुकानात बसल्या बसल्या खेळणारे व्यापारी. कुणाच्याच छातीत कसंतरी होत नव्हतं. सगळे म्हणत, इथली माणसं किती छान आहेत, मनातलं ओळखतात. जुन्या खेळाडूंपैकी कुडाळचे शिरगावकर नावाचे निवृत्त शिक्षक, अकरा वर्षं दुभाष्याचं काम केलेले, तनुजाला फोन करून म्हणाले, "हल्ली कुणी मला चुकीचं समजत नाही हो. गलबतावर सगळे हो ला हो करतात. मी काय बोललो ते कळलं म्हणून करतात, असं मात्र वाटत नाही." महिन्याभरात ते यायचे थांबले. त्यांच्या पाठोपाठ इतरही गेले. लाखोंच्या येण्यात त्यांचं जाणं दिसून आलं नाही.

आणि ईरा आली.

एका संध्याकाळी तनुजा गलबताच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, उभी असताना मागून आवाज आला, "आई, मी कुठला दोर धरू?" पाच मिनिटं झाली, दहा झाली, ईरा गेली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. मग रोजचंच झालं. दोघी आपापल्या खोलीत बसत, मध्ये एक भिंत, आणि समुद्रावर शेजारी शेजारी उभ्या राहून तासन्‌तास बोलत. इतक्या वर्षांत झालं नव्हतं एवढं बोलणं त्या पावसाळ्यात झालं. ईरा तिच्याच आवाजात, तिच्याच अडखळत्या लकबीत बोले आणि तनुजाला सगळं पटत जाई. आपली मुलगी इतकी आपल्यासारखी आहे, हे तिला ठाऊकच नव्हतं. कधी कधी वाक्य सुरू झालं की ते कुठे संपणार हे तिला आधीच कळायचं, आणि ते तिथेच संपायचं.

दिवाळीनंतर बाजोरियांनी पडदा चष्म्यात आणायचं ठरवलं. खेळाबाहेर, रोजच्या जगण्यात वापरायला. बाहेरचा आवाज काडी दाबून धरील आणि कानाच्या हाडातून सुलभ झालेला आवाज सोडील. समोरच्याच्या ओठांची हालचालसुद्धा काच त्याला जुळवून दाखवील. सासू-सून, साहेब-कारकून, नवरा-बायको यांच्यातली किती भांडणं टळतील याचं गणित मांडून झालं होतं. तनुजाची सही लागणार होती.

सही करण्याआधी ती शेवटची डॉक्टरांकडे गेली. भांडायलाच गेली म्हणा ना. तिने त्यांना ईराबद्दल सांगितलं. "तुम्ही म्हणालात तसं काहीही झालं नाही. माझी मुलगी मला परत मिळाली."

"चांगलं झालं," डॉक्टर म्हणाले. "मला एकच सांगा. मागल्या महिन्या-दोन महिन्यांत ती असं काही बोलली का, की ऐकून तुम्ही चमकलात? ही असं म्हणेल असं वाटलं नव्हतं, असं?"

तनुजाने आठवून पाहिलं. एकही वाक्य आठवेना.

"आमचं जमतं आता. चमकायला कशाला हवं?" ती म्हणाली.

"एकोणीस वर्षांची पोर आहे," डॉक्टर म्हणाले.

तिने सही केली. उन्हाळ्यापर्यंत नागपुरात निम्म्या लोकांच्या चष्म्यांत पडदा होता. ईराच्याही होता. तनुजा खेळाबाहेर मात्र तो वापरत नसे. आपल्याला त्याची गरज नाही, असं तिला वाटत होतं.

जून महिन्यात, एका रविवारी दुपारी, ईरा दोन बॅगा ओढत बैठकीच्या खोलीत आली. टीव्हीपाशी त्या उभ्या करून तिने पाण्याची बाटली भरून घेतली. तनुजा सोफ्यावर पेपर चाळत होती.

"कुठे निघालीस?"

ईराने तिच्याकडे पाहिलं. "बाबा आलेत ना. खाली गाडीत आहेत. वर येऊ का म्हणत होते, मी नको म्हटलं."

"बाबा? कशाला आलेत?"

"मला न्यायला. आई, आपलं ठरलंय ना. मी आता तिकडेच राहणार. कॉलेजही तिकडेच."

तनुजाने पेपर बाजूला ठेवला. "कुणी ठरवलं?"

"आपण दोघींनी." ईराच्या कपाळावर आठी पडली. तिने चष्मा काढून हातात घेतला, जणू तोच बिघडला असावा. "मी तुला किती दिवस विचारत होते. गलबतावर. समोरासमोर विचारायचा धीर झाला नसता मला. मी म्हटलं, बाबांकडे राहायला गेले तर चालेल का. तू म्हणालीस, जा, तू खूश तर मी खूश. मी चार वेळा विचारलं. चारही वेळा तू तेच म्हणालीस."

तनुजाला गलबतावरचं ते बोलणं आठवलं. ईराने विचारलं होतं, आई, यंदा पूर्वेच्या बंदराला जायचं का. आणि तिने हसून उत्तर दिलं होतं, तू जाशील तिथे मी येणारच. चारही वेळा तिला वाटलं होतं, पोरीला त्या बंदराची किती ओढ लागली आहे.

तिने ते ईराला सांगितलं नाही. सांगायला सुरुवात कुठून करायची हेच तिला कळेना. पहिल्यांदा तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. ती म्हणाली, "थोडा वेळ बस. चष्मा तिथे टेबलावर ठेव. मला तुझ्याशी बोलायचंय."

ईराने चष्मा ठेवला आणि समोरच्या खुर्चीच्या टोकावर बसली.

"मी तुला जा म्हणाले नव्हते," तनुजा म्हणाली. "थांब, पूर्ण ऐक. जाऊ नकोस असंही मी म्हणत नाही. तू गेलीस तर मला या घरात राहवणार नाही. आणि तरी तू जावंस असं मला वाटतं, कारण इथे तू माझ्याकडे पाहून जगतेस. तुझ्या बाबांवर माझा राग आहे. तुझ्यावर नाही. पण कधी तू त्यांच्यासारखी मान वळवतेस तेव्हा तोच राग तुझ्यावर येतो, आणि मग मला माझीच लाज वाटते."

ईराचा एक हात खुर्चीच्या कडेवर आवळला गेला होता. "म्हणजे जाऊ की नको?"

"दोन्ही वाटतं मला."

"दोन्ही कसं वाटेल? आई, नीट सांग ना."

"हे असंच आहे. याहून नीट होत नाही ते."

ईराचा श्वास वर अडकला. ती डोळे आईच्या चेहऱ्यावर ठेवायचा प्रयत्न करत होती. ते पुन्हा पुन्हा निसटून टेबलाकडे जात होते. तनुजाला ते दिसत होतं. काचेच्या खोलीबाहेर उभं राहून तिने असे शेकडो चेहरे पाहिले होते. थोडं थांबली तर ही पोहोचेल, असं तिला वाटलं. थोडंच.

"माझ्यावर रागावू नकोस," ईरा पुटपुटली. "मला जमत नाहीये." तिने हात लांब करून चष्मा उचलला आणि घातला.

तनुजा थांबली नाही. थांबावं असं तिच्या मनात आलं, पण एवढं बोलून झाल्यावर उरलेलं आत ठेवणं तिला जमेना. तिने ईराला ते सांगितलं जे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. ईरा झाली तेव्हा पहिले कित्येक महिने तिला त्या बाळाची भीती वाटत होती. हे कोण, याला काय हवंय, काही म्हणजे काही कळत नव्हतं. सुधन्वा झोपलेले असत आणि ती मांडीवरच्या पोरीकडे पाहत बसून राही, उठून जावंसं वाटे, तरी बसून राही. असं बसून राहता राहताच कधीतरी ती तिची मुलगी झाली.

ती बोलत होती आणि ईराचा चेहरा तिच्यासमोर सैल होत होता. आठी गेली. खांदे खाली आले. खुर्चीवरचा हात सुटला. मग त्या चेहऱ्यावर हसू आलं, खरं, मनापासूनचं, डोळ्यांपर्यंत गेलेलं. ईरा उठली, आईच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "मला माहीतच होतं, तू हेच म्हणशील."

तनुजाने तिला घट्ट धरलं. काय म्हणाले मी, असं विचारायला तिने तोंड उघडलं. ईराच्या कानावर टेकलेली काडी तिच्या गालाला लागत होती. हा प्रश्नसुद्धा ईराच्या कानांवर काय होऊन पडेल, ते तनुजाला सांगता आलं नसतं.

तिने तो विचारला नाही. एक बॅग तिने उचलली, दुसरी ईराने, आणि दोघी जिना उतरून खाली गेल्या. सुधन्वा गाडीतून उतरून उभे होते. त्यांनीही चष्मा घातलेला होता. त्यांना पाहून तनुजा एकच वाक्य बोलली, फार कडू, आणि पूर्ण खरं.

सुधन्वांनी मान डोलावली आणि तिचे आभार मानले.